हाताआधीचा हात

"वैनी, घरात पाऊल टाकलं की पयलं मनगटपट्टी काढायची. चपला मागनं. पोरीला घ्यायचं तेबी मागनं. पयलं पट्टी."

तेजल घाटगेनं हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मी मान डोलावली. डोलावताना मी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते. घरी माझी लेक रेवा झोपेतून उठली असेल का, या विचारात फोन चाळत होते. तेजल कोल्हापूरच्या बऱ्याच मुलींसारखी 'मी सांगतो', 'मी येतो' असं बोलते. मी ठाण्याची, लग्न होऊन इकडे आलेली. मला तिच्या बोलण्याची गंमत वाटायची आणि त्या गमतीत ती काय सांगते आहे ते निसटून जायचं. पोहताना घड्याळ काढावं, पीठ मळताना अंगठी काढावी, तसंच काहीतरी असेल असं मी धरून चालले. का काढायची, हे विचारलंही नाही.

तेजल कुत्र्यांना अडथळ्यांच्या शर्यतीसाठी तयार करते. मैदानात उडी मारायचे आडवे बांबू असतात, कापडी बोगदा असतो, नागमोडी पळायला रोवलेले खांब असतात, सीसॉ असतो, दोन फळ्या एकमेकींना टेकवून केलेलं उंच छप्पर असतं आणि एक बुटका चौथरा. चौथऱ्यावर कुत्र्यानं चढायचं आणि पुढचा इशारा मिळेपर्यंत हलायचं नाही. अडथळ्यांचा क्रम दर वेळी बदलतो. तो कुत्र्याला माहीत नसतो, बरोबर धावणाऱ्या माणसाला माहीत असतो. माणसानं कुत्र्याला हात लावायचा नाही. हातवारे आणि आवाज, एवढंच.

आमची लवंगी गावठी. कान एक उभा, एक पडलेला. माझे सासरे, श्रीपतराव शिंत्रे, यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. ते एसटीच्या गारगोटी आगारात वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीनंतर एकदा जुन्या लोकांना भेटायला गेले आणि येताना पिशवीतून हे पिल्लू घेऊन आले. "विनातिकीट सापडली," म्हणाले, "दंड म्हणून आपल्याकडे ठेवून घेतली."

रेवा झाल्यावर मला झोप लागेनाशी झाली होती. ती श्वास घेते आहे ना, हे मी उठून उठून बघायची. ती चालायला लागली तेव्हा तर घरातला प्रत्येक कोपरा माझ्या अंगावर यायचा. माझा नवरा विश्वजित म्हणाला, संध्याकाळी थोडी बाहेर पड, लवंगीला घेऊन कुठंतरी जात जा. अशी मी तेजलच्या मैदानावर पोचले.

मैदानावर माझ्या घाबरटपणाचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला. पुढच्या क्षणी काय चुकू शकेल, हे मला आधी दिसायचं. पण दिसून हात उचलेपर्यंत लवंगी भलत्याच बोगद्यात शिरलेली असायची. सगळ्याच नवशिक्या कुत्र्यांचं असं होतं. माणसाचा इशारा उशिरा पोचतो आणि कुत्रं वेगात असतं. अनुभवी कुत्री माणसाच्या खांद्यांवरून, पावलांवरून अंदाज बांधायला शिकतात, पण त्याला वर्षं जातात.

तो वेळ वाचवायला ही पट्टी निघाली होती. हात हलायच्या आधी मेंदूकडून स्नायूला विजेचा बारीकसा संदेश येतो. स्नायू आखडतो, मग हात उचलला जातो. या दोन्हींच्या मध्ये अगदी थोडा वेळ असतो, पण पळत्या कुत्र्याला तेवढा पुरतो. पट्टी तो संदेश कातडीवरून टिपते, हात कुठं जाणार आहे हे ओळखते आणि कुत्र्याच्या अंगातल्या जाकिटाला कळवते. जाकिटात खांद्यांवर आणि छातीवर थरथरणाऱ्या चकत्या असतात. डावा खांदा थरथरला की डावीकडे, उजवा थरथरला की उजवीकडे. चौथऱ्यासाठी आधी दोन्ही खांदे आणि लगेच छाती: पुढे जा आणि तिथं उभी राहा. पट्टी दोन-चार दिवसांत आपल्या माणसाच्या सवयी शिकते आणि मग तिला चुकायला फारशी जागाच राहत नाही.

पहिल्यांदा पट्टी बांधून धावले तेव्हा मी रडले होते, हे खरं आहे. माझ्या मनात यायचं आणि लवंगी वळायची. लग्नानंतर, बाळंतपणानंतर, इतकं विनासायास कुणी माझं ऐकलं नव्हतं.

"हाताच्या आदी एक हात असतोय बगा," तेजल म्हणाली. "कुत्रीला त्यो दिसालाय."

पट्टी मी घरी काढली नाही. सराव हवा, असं कारण मी स्वतःला दिलं. दिवाणखान्यात पाट मांडून चौथरा केला, लोड आडवे ठेवून उड्या केल्या. लवंगीला जाकिटाची इतकी सवय झाली की ते काढलं की ती घराबाहेर ठेवल्यासारखं तोंड करायची, म्हणून तेही राहिलं.

मग एका सकाळी रेवा जिन्याकडे निघाली. मी ओट्याशी होते, हात पिठात. मी ओरडायच्या आत लवंगी बाहेरून धावत आली आणि पहिल्या पायरीपुढे आडवी उभी राहिली. रेवा तिच्या अंगावर आपटली, हसली आणि परत फिरली. मी पीठ लागलेल्या हातांनी लवंगीचं तोंड धरलं आणि तिचे मुके घेतले. विश्वजित आल्यावर त्याला ते पुन्हा करून दाखवलं. तो म्हणाला, "चला, आता तू झोपशील तरी."

आणि मी खरंच झोपायला लागले. गॅसपाशी, बाल्कनीत, न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर, मी दचकले की लवंगी तिथं असायची. चौथऱ्यासाठी मी उघडा पंजा पुढे फेकते. पडणाऱ्या लेकराकडे आई हात फेकते तो नेमका तसाच. पट्टीला दोन्ही एकच.

आता आबांचं सांगायला हवं.

आबांच्या हाताला कंप आहे. सासूबाई गेल्यानंतर सुरू झाला आणि वाढत गेला. गोळ्या चालू आहेत. चहाचा कप ते अर्धाच भरून घेतात, पेपर टेबलावर पसरून वाचतात. एकदा रेवा त्यांच्या हातातून घसरली होती. उंचावरून नाही, सोफ्यावरून खाली, हनुवटी खरचटली. ती लगेच खेळायलाही लागली. "काही नाही झालं," मी म्हणाले. "काही नाही झालं," विश्वजित म्हणाला. आबा स्वतःच्या हातांकडे बघत बसले.

त्यानंतर ते तिला उचलायला वाकले की मी म्हणायची, "राहू द्या आबा, जड झालीय ती. तुम्ही कशाला त्रास घेता." आमच्यात हे असं बोललं जातं. राहू द्या म्हणजे तुम्ही बसा, तुमचा मान आहे. राहू द्या म्हणजे हात लावू नका, असंही. ऐकणाऱ्यानं हवं ते घ्यायचं. आबा पहिलं घ्यायचे. "मला कसला त्रास," म्हणायचे आणि तिला उचलायचे. मग मी म्हणायची, "बरं, घ्या ना." हसून. आणि हात पाठीमागे घट्ट धरायची.

संध्याकाळी जेवणाच्या वेळी ते रेवाला खांद्याशी धरून खास आवाजात पुकारायचे, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. गारगोटीहून येणारा वरणभात फलाट क्रमांक एकवर लागलेला आहे. मागून तूप येत आहे, कृपया धक्काबुक्की करू नये." रेवा टाळ्या पिटायची. मी हसायची. माझं लक्ष त्यांच्या बोटांवर असायचं.

लवंगी पहिल्यांदा आडवी आली ती अशाच एका संध्याकाळी. आबा रेवाकडे वाकले आणि लवंगी दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. गुरगुरली नाही, दात दाखवले नाहीत. चौथऱ्यावर उभी राहते तशी, मान ताठ करून, नुसती उभी.

"काय ग, फाटक बंद?" आबा म्हणाले. "गाडी जायची आहे का कुठली?"

"लवंगी, सरक," मी म्हणाले. लवंगीनं माझ्याकडे पाहिलं आणि ती जागची हलली नाही.

"असू दे, असू दे," म्हणत आबाच बाजूला झाले. ताटावर जाऊन बसले. रेवाला मी उचललं.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला हात जड होतो, पण ते सोडून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला बरं वाटलं. जे मला सांगता येत नव्हतं ते कुणीतरी केलं होतं, आणि ते कुणीतरी कुत्रं होतं, म्हणजे त्याबद्दल कुणी मला बोलणार नव्हतं.

पुढे ते रोजचं झालं. आबा रेवाच्या दिशेनं आले की लवंगी उठायची. त्यांनी तिला पोळी देऊन पाहिली, लाडानं दटावून पाहिलं. "अगं, तुला पिशवीतनं आणली ती मी," म्हणायचे. एरवी लवंगी त्यांच्या पायांशी पडलेली असायची, त्यांच्या चपलेवर डोकं ठेवून. फक्त रेवा आणि ते जवळ आले, आणि मी तिथं असले, की ती आडवी. 'मी तिथं असले की' हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं. मी दुसऱ्या खोलीत गेले की पाठीमागून रेवाचं खिदळणं आणि आबांचा फलाटावरचा आवाज यायचा. मी परत आले की थांबायचा.

हळूहळू ते दिवाणखान्यात कमी बसायला लागले. गुडघा दुखतो म्हणाले. जेवणाचं ताट खोलीत मागायला लागले. तुपाची गाडी बंद पडली. विश्वजितनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "वय झालंय रे, त्यांना शांतता हवी असते." हे बोलताना माझा आवाज इतका सहज निघाला की माझंच मला नवल वाटलं.

नवशिक्यांच्या मोठ्या स्पर्धेच्या आधी तेजलनं मला थांबवलं.

"वैनी, लवंगी मैदानात कधी कधी उगंच चौथऱ्यागत उभी राहालीय. चौथरा नसताना. घरात पट्टी काढताय न्हवं?"

"हो," मी म्हणाले.

तिनं माझ्या मनगटाकडे पाहिलं. पट्टीखालची कातडी पांढरी पडली होती, चोवीस तास बांधल्याशिवाय पडत नाही तशी. तिला ते दिसलं असणार.

"बगा, मी का सांगतो ते ऐका," ती म्हणाली. "मैदानात माणूस हात दाबत न्हाई. मनात आलं की हात जातोय. घरात माणूस दिवसभर हात दाबत असतोय. मारावं वाटतंय, मारत न्हाई. ढकलावं वाटतंय, हसतोय. पण दाबलेल्या हाताचाबी संदेश मनगटापातूर आलेला असतोय. पट्टीला काय ठावं, तुमी दाबला का सोडला. ती दोन्ही कळवती. आणि कुत्री दोन्ही ऐकती."

"मग काढली की थांबेल ना?"

"लवकर काढली तर. न्हाईतर जाकीट म्हंजे शिकवणी हो. शिकवणी संपली की पोरगं स्वतः वाचतंय. नंतर ती तुमच्या श्वासावरनं वाचणार, मानंवरनं वाचणार. मग पट्टी गटारात टाकली तरी काय उपेग न्हाई."

मी त्या रात्री पट्टी काढली. सकाळी आबा पाणी प्यायला बाहेर आले, रेवा त्यांच्याकडे धावली, आणि लवंगी उठली. पट्टी कपाटात होती, जाकीट दोरीवर वाळत होतं. मी पट्टी पुन्हा बांधली. उशीर झालाच आहे तर निदान स्पर्धा तरी होऊ दे, असा विचार केला. खरंच एवढाच केला.

स्पर्धा कळंब्याच्या अलीकडे एका मैदानावर होती. कोल्हापुरात कशाचीही स्पर्धा झाली की तिला कुस्तीच्या फडाचं रूप येतं. हलगी होती, भेळेच्या गाड्या होत्या आणि कुस्त्यांचं समालोचन करणारे एक मिशाळ गृहस्थ ध्वनिक्षेपकावर होते. एका बाजूला मोठा पडदा लावलेला. पट्टीवाल्या गटात माणसानं काय आदेश दिला ते लोकांना दिसावं म्हणून पडद्यावर तो शब्दात उमटायचा, बाण काढून: उडी, बोगदा, डावीकडे. लोकांना त्याची मजा वाटायची. कुत्रं चुकलं की माणूस, हे लगेच कळायचं.

आबा येणार नाहीत असं मी धरून चालले होते. विश्वजितनं त्यांना ओढून आणलं. "तुमची लवंगी आहे आबा, तुम्ही नाही तर कोण बघणार," म्हणाला. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते दोरीच्या कडेला विश्वजितजवळ उभे राहिले, रेवा बापाच्या कडेवर.

"आता येते आहे गारगोटीची गावठी वाघीण," समालोचक म्हणाले, "कान एक शाहूपुरीला, एक राजारामपुरीला. बघूया, वैनी हिला पळवतात का ही वैनींना पळवते."

लोक हसले आणि मी सुटले.

ती धाव सुंदर होती. उड्या, बोगदा, खांबांमधून ती पाण्यासारखी गेली. छपरावरून उतरताना मी तिच्या बाजूला होते आणि पडद्यावरचे शब्द माझ्या हाताच्याही पुढे पळत होते. हलगी वाढली. तीनच अडथळे उरले होते. वळताना मला दोरीपलीकडे आमची माणसं दिसली. विश्वजितचा फोन वाजत असावा. त्यानं रेवाला आबांच्या हातात दिलं होतं. आबांनी तिला वर उचललं होतं, लवंगी दिसावी म्हणून, डोक्याच्याही वर, दोन्ही हातांनी. हात थरथरत होते आणि रेवा हवेत पाय झाडत होती.

मी हात हलवला नाही. शपथेवर सांगते, मी हात अंगाशी धरला.

लवंगी वळली. बांबू सोडून, सीसॉ सोडून, सरळ दोरीखालून गेली आणि आबांच्या छातीवर दोन पाय टेकवून उभी राहिली. आबा मागे झुकले, विश्वजितनं रेवाला झेललं. कुणाला काही लागलं नाही. आबा खाली बसले, गवतावर, आणि लवंगी त्यांच्या आणि रेवाच्या मध्ये उभी राहिली. चौथऱ्यावर राहते तशी.

हलगी थांबली. मैदान सोडणारं कुत्रं बाद, हा नियम सगळ्यांना माहीत होता. परीक्षक बाई पडद्याकडे बघत होत्या. मग सगळेच तिकडे बघायला लागले. पडद्यावर शब्द होता: चौथरा. त्यापुढे बाण. बाण मैदानात कुठंच जात नव्हता, दोरीबाहेर जात होता.

"कुत्री बाद नाही," परीक्षक म्हणाल्या. "तिला आदेश होता. तिनं पाळला. दोष माणसाचा धरावा."

"ऐकलं का मंडळी," समालोचक म्हणाले. त्यांना काय माहीत. "पोरगी गुणाची. मालकिणीनं सांगितलं, आजोबांना अडव, तिनं अडवलं."

लोक पुन्हा हसले.

आबा आयुष्यभर फलक वाचत आले आहेत. कुठली गाडी, कुठून, कुठं, हे त्यांना एका नजरेत कळतं. त्यांनी पडद्यावरचा शब्द वाचला, बाण वाचला, आणि मग बाण जिथून निघत होता तिकडे, माझ्याकडे, पाहिलं. रागानं नाही. एखादी गाडी इतके दिवस का येत नव्हती, ते कळल्यावर माणूस बघेल तसं.

आम्ही घरी आलो. विश्वजित रेवाला सांभाळण्यात होता, पडदा त्यानं बघितलाच नव्हता; त्याला वाटत होतं कुत्री भडकली. आबा चपला काढून सोफ्याच्या कडेला बसले.

"मला वाटायचं हिला माझ्या हाताचा वास आवडत नाही," ते म्हणाले. "गोळ्यांचा. मी साबण बदलला होता."

मी म्हणाले, "आबा, मी कधी तुम्हाला काही म्हणाले का?"

"नाही पोरी. कधीच नाही." मग म्हणाले, "म्हणाली असतीस तर मी तिला बसून घेतलं असतं. भिंतीला टेकून. तेवढंच करायचं होतं."

ते गारगोटीला, नोकरीच्या दिवसांतल्या आपल्या जुन्या घरी, जायला निघाले तेव्हा विश्वजितनं बराच वाद घातला. "कुत्रीला पाठवू कुठंतरी, तुम्ही कशाला जाताय?"

"कुत्रीची एकटीची बदली होत नाही," आबा म्हणाले. "मी घेऊन जातो. माझ्याजवळ ती साधी कुत्री असते."

विश्वजितला खरं मी नंतर सांगितलं. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

मी एकदा गेले होते, रेवाला घेऊन. पट्टी केव्हाच तेजलला परत केली होती. माफी मागायची म्हणून वाटेत वाक्यं जुळवत होते. लवंगीनं दारातच माझ्या अंगावर उड्या मारल्या. आबा भिंतीला खुर्ची टेकवून बसले होते, मांडी तयार करून. मुद्दाम तसे बसले होते. रेवा त्यांच्याकडे धावली. मी श्वाससुद्धा सावकाश घेतला, हात ढिले सोडले, मनाला सांगितलं की ते बसलेले आहेत, ती पडली तरी मांडीतच पडेल. पण स्नायूला शहाणपण सांगता येत नाही.

लवंगी उठली आणि मध्ये उभी राहिली.

"बस खाली, लवंगे," आबा म्हणाले. ती माझ्याकडे बघत राहिली. मग आबांनी डब्यातून बिस्किट काढलं आणि लवंगीच्या पाठीवरून रेवाच्या दिशेनं धरलं. ते हवेत थरथरत होतं. रेवानं टाचा उंचावून घेतलं. माझी जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. मी म्हणाले, "निघते आबा, तिची झोपायची वेळ झाली."

बाहेर पडल्यावर मागून कडी लावण्याचा आवाज आला. लोखंड घासलं, थांबलं, पुन्हा घासलं. बराच वेळ ते चाललं होतं आणि शेवटी कडी लागली की त्यांनी तशीच सोडली, मला कळलं नाही. मला मागे फिरून दार वाजवता आलं असतं. पण मी मागे फिरले की लवंगी उठणार आणि तिच्या उठण्यात त्यांना पुन्हा माझा हात दिसणार. मी गाडीत बसले.

विश्वजित दर रविवारी जातो. येऊन सांगतो, छान आहेत. मुलासमोर ते तयारी करून बसतात. दाढी केलेली, भांडी घासलेली, हात मांडीखाली. कॅमेरा बसवू का, असं त्यानं विचारलं तेव्हा म्हणाले, "माझ्याकडे बघणारं आणखी यंत्र नको." फोनवर मी विचारलं की जेवलो म्हणतात. मी विचारते म्हणून जेवलो म्हणतात की जेवलेले असतात, ते मला ओळखता येत नाही.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्यापैकी कुणी गारगोटीवरून जाणार असेल तर स्टँडच्या मागच्या गल्लीत निळ्या दाराचं दोन खोल्यांचं घर आहे. श्रीपतराव शिंत्रे. गाडीची वेळ विचारायला आलो म्हणा, त्यांना सगळ्या पाठ आहेत, त्यांना आवडेल. माझं नाव सांगू नका. चहा आत्ताच झाला म्हणतील, तरी बसा. स्वयंपाकघरात एकदा नजर टाका, चुलीवर काही आहे का. आणि दार वाजवल्यावर कडी काढायला त्यांना किती वेळ लागतो, तेवढं लक्षात ठेवून मला कळवा.